ब्रेकमध्ये उघडलेला रिपोर्ट

आमचं घर देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या अलीकडे. खळ्यातून समुद्र दिसत नाही, पण पावसाळ्यात रात्रभर गाज ऐकू येते. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही ठाण्याहून इथे आलो आणि परत गेलोच नाही. कंपनीनेही घरून काम चालू ठेवू दिलं. माझं काम अमेरिकेतल्या आरोग्य विम्याचे क्लेम तपासायचं. हॉस्पिटलचं बिल, डॉक्टरांच्या नोंदी, लॅबचे रिपोर्ट वाचायचे, उपचारांना लावलेले कोड बरोबर आहेत का ते बघायचं, आणि क्लेम पुढे पाठवायचा किंवा शेरा मारून परत करायचा. साधा क्लेम चार मिनिटांत होतो. अवघड क्लेम साठ-सत्तर पानांचा असतो आणि तो नुसता वाचायलाच तास जातो. या वाचण्यावरूनच पुढचं सगळं घडलं, म्हणून आधी सांगितलं.

२०२४ च्या मे महिन्यात कंपनीची मेल आली. घरून काम करणाऱ्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर सुरक्षेसाठी आणि कामाच्या नोंदीसाठी एक सॉफ्टवेअर टाकणार, सोबतच्या संमतीपत्रावर तीन दिवसांत सही करून पाठवा. त्या दिवसांत आमच्याकडे आंब्याच्या शेवटच्या पेट्या भरायचं चाललं होतं. पडवीभर पेंढा पसरलेला, गाडी संध्याकाळी निघायची होती. मी मोबाईलवर दोन पानं वरून खाली सरकवली, बोटाने सही केली आणि पाठवून दिली. त्या कागदावर ‘नाही’ म्हणायला जागाच नव्हती, हे नंतर लक्षात आलं. असती तरी मी तेव्हा ‘नाही’ म्हटलं असतं असं वाटत नाही. घरचा हप्ता माझ्या पगारातून जातो.

ठाण्याहून आयटीच्या एका मुलाने दुरूनच लॅपटॉप ताब्यात घेतला. वीस मिनिटं मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि पडद्यावर बाण आपोआप फिरत होता. शेवटी खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आला. “झालं मॅडम, आता नेहमीसारखं काम करा,” तो म्हणाला.

ते सॉफ्टवेअर काय करतं हे आम्हाला कुणी बसवून सांगितलं नाही, ते आम्ही आमचंच हळूहळू शोधून काढलं. दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पडतात. त्या दहा मिनिटांतल्या किती सेकंदांत कीबोर्ड किंवा माऊस हलला त्यावरून टक्के निघतात. कुठलं बटण दाबलं ते नोंदत नाही, किती वेळा दाबलं ते नोंदतं. प्रत्येक तुकड्यात मधेच कधीतरी पडद्याचा एक फोटो घेतला जातो. सकाळी लॉगिन करताना कॅमेरा चेहरा तपासतो आणि दिवसातून दोन-तीनदा, न सांगता, पुन्हा तपासतो. माझ्या जागी दुसरं कुणी बसलेलं नाही ना, एवढ्यासाठी. हे शेवटचं मला पटलंही होतं. लोकांच्या आजारांची कागदपत्रं आमच्यासमोर असतात, ती शेजारणीने बघू नयेत हे बरोबरच आहे.

खरा त्रास वाचण्याचा झाला. साठ पानांची फाईल उघडून मी वही-पेन घेऊन बसते, तारखा लिहून काढते, कुठली तपासणी कुठल्या दिवशी झाली ते जुळवते. तेव्हा माऊसला हात लागत नाही. पहिल्याच आठवड्यात माझे टक्के टीममध्ये सगळ्यांत खाली आले. ज्या दिवशी मी एका क्लेममध्ये एकाच शस्त्रक्रियेचं बिल दोनदा लावलेलं शोधलं, तो अख्खा दुपारचा तुकडा लाल होता. चार मिनिटांचे क्लेम भराभर निपटणारी मुलं दिवसभर हिरवी.

मग मी वाचता वाचता डाव्या हाताने माऊस गोल फिरवायला लागले. आधी मधूनमधून, मग सतत. महिन्याभरात ते इतकं अंगात भिनलं की रात्री पुस्तक वाचतानाही हात चादरीवर फिरायचा. आणि वाचन बिघडलं. अर्धं लक्ष त्या ठिपक्याकडे. जुलैमध्ये माझ्याकडून एका रुग्णाच्या नोंदीतली ॲलर्जीची ओळ सुटली. पुढच्या तपासणीत ती सापडली, कुणाचं नुकसान झालं नाही, पण चार वर्षांत माझी अशी चूक झाली नव्हती. ती चूक त्या हात फिरवण्याची होती हे मला पक्कं माहीत आहे.

आमच्यातल्या एकाने माऊस आपोआप हलवणारं छोटं यंत्र मागवलं होतं. जूनमध्ये बातमी आली की अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याच्या कारणावरून डझनभराहून जास्त माणसांना काढलं. ती बातमी आमच्या ग्रुपवर फिरली आणि त्याने ते यंत्र त्याच दिवशी काढून टाकलं. मला त्याचा राग आला नाही. यंत्र हालचालच मोजणार असेल तर माणूस हालचालच करून दाखवणार.

लाईटचं वेगळंच. पावसात तारेवर माड पडला की चार तास, कधी दिवस जातो. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, पण टॉवरच बंद पडला की फाईल उघडत नाही. असे दोन दिवस जुलैमध्ये ‘निष्क्रिय’ धरून पगारातून कापले गेले. मी विजेच्या तक्रारीचा मेसेज पाठवला, उत्तर आलं नाही. ते तेवढ्यावरच राहिलं.

आणि बाबा. माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर. कोकणातल्या दमट हवेत आयुष्यभर घरात उघड्या अंगाने, कमरेला पंचा लावून वावरलेले. मी माजघरात टेबल मांडून बसते, आणि पडवीतून स्वयंपाकघरात जायचं तर माझ्या पाठीमागूनच जावं लागतं. एकदा ते चहाचा कप ठेवायला जात होते आणि नेमका कॅमेऱ्याचा दिवा लागला. त्यांनी विचारलं, “ह्यो दिवो कसलो गो?” मी सांगितलं, कंपनी बघते मीच बसले आहे का ते.

“माका पण बघता काय ता?”

मी म्हटलं, क्षणभर दिसत असाल मागे. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊला सदरा घालायला लागले. मी लॅपटॉप बंद करेपर्यंत अंगात सदरा. भर मे महिन्यात, घाम गळत असताना. मी टेबल फिरवून भिंतीकडे पाठ केली, मागे काही दिसणार नाही असं करून दाखवलं, तरी सदरा सुटला नाही.

ऑगस्टमध्ये बाबांना लघवीचा त्रास वाढला. रक्ताची तपासणी झाली, मग गोव्याला बांबोळीला नेऊन बायोप्सी. रिपोर्ट नवऱ्याच्या मोबाईलवर आला. नारळी पौर्णिमेच्या नंतरचा दिवस होता. मोबाईलच्या पडद्यावर अक्षरं बारीक, म्हणून त्याने तो मला मेल केला. मी जेवणाच्या सुट्टीत ‘ब्रेक’चं बटण दाबलं, ठिपका राखाडी झाला, आणि मी कंपनीच्या लॅपटॉपवर तो रिपोर्ट मोठा करून वाचला. रोज परक्यांचे असे रिपोर्ट वाचते, त्यामुळे दुसऱ्या ओळीलाच कळलं. प्रोस्टेटचा कॅन्सर. आम्ही दोघांनी ठरवलं, गणपती सात सप्टेंबरला येतायत, बाबांच्या हातची पूजा होऊ दे, मग सांगू. नणंदेलासुद्धा कळवलं नव्हतं.

कंपनीच्या लॅपटॉपवर घरचा कागद उघडायला नको होता. ती चूक माझी, आणि ती मी पुढे लेखी मान्यही केली.

दोन दिवसांनी सकाळची टीमची मीटिंग. आठ जण. आमचा टीम लीड माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मनाने चांगला मुलगा, मला ताई म्हणतो. मीटिंग संपता संपता म्हणाला, “ताई, सासऱ्यांची काळजी घ्या. माझ्या काकांना पण प्रोस्टेटचंच होतं, आता एकदम बरे आहेत. सुट्टी लागली तर नि:संकोच सांगा.”

माझ्या कानाला हेडफोन होता. समोर दाराच्या चौकटीतून बाबा दिसत होते, पडवीत बसून नारळ सोलत, सदरा घालून. ठाण्यातल्या आठ जणांना त्यांचा आजार माहीत होता आणि त्यांना स्वतःला नव्हता.

‘ब्रेक’ दाबल्यावर टक्के मोजायचं थांबत होतं. फोटो थांबत नव्हते. माझ्या तुकड्यांची तपासणी करताना त्याला तो फोटो दिसला आणि त्याने माणुसकीने चौकशी केली. तो वाईट असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं. मी “हो, थँक यू” म्हटलं, मीटिंगमधून बाहेर पडले आणि विहिरीवर जाऊन तोंड धुतलं.

माझा मामेभाऊ कणकवलीला वकिली करतो. त्या रविवारी त्याला फोन केला. त्याने पहिलं विचारलं, “ताई, सही केलंस ती वाचून केलंस काय?” मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, कागद पाठव. संध्याकाळी त्याचा तासभर फोन चालला, आणि मी वहीत लिहून घेतलं.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितलं. ती याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांची, आधारच्या संदर्भातली. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारच्या विरुद्ध मागायचे असतात, ते घेऊन खासगी कंपनीच्या दारात थेट उभं राहता येत नाही, असं तो म्हणाला. मी जरा खचले. मग त्याने दुसरं सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ चे नियम आहेत. त्यात पासवर्ड, बँकेची माहिती, प्रकृतीची माहिती, वैद्यकीय कागदपत्रं यांना संवेदनशील माहिती म्हटलं आहे. ती गोळा करायची तर कशासाठी ते सांगून लेखी संमती हवी, कामापुरतीच ठेवायची, आणि कंपनीने तक्रार अधिकारी नेमायचा, ज्याने एका महिन्यात तक्रार निकाली काढायची. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला होता पण अमलात आला नव्हता. त्यात तर नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरायची मुभा आहे. “म्हणून नुसती संमती-संमती करून भांडू नको,” तो म्हणाला. “गरज किती होती ते विचार.”

आणि त्याने एक परदेशातला निकाल सांगितला, जो मला फार उपयोगी पडला. रुमानियातला एक इंजिनियर, बरबुलेस्कू नावाचा. कंपनीने त्याचे मेसेंजरवरचे संवाद नोंदवले, त्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी केलेलं खासगी बोलणंही होतं, आणि २००७ मध्ये त्याला काढून टाकलं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ५ सप्टेंबर २०१७ ला, म्हणजे आपल्या निकालानंतर बारा दिवसांनी, त्याच्या बाजूने कौल दिला. ते न्यायालय कंपनीला नजर ठेवू नका म्हणालं नाही. आधी सांगितलं होतं का, किती खोल बघितलं, कशासाठी, याहून कमी बघून भागलं नसतं का, हे तपासा म्हणालं. तो निकाल आपल्याला लागू नाही. पण माझ्या मनात नुसतं तोंड धुवावंसं वाटणारं जे काही होतं, त्याला त्या प्रश्नांनी आकार दिला.

सत्तावीस ऑगस्टला मी पत्र लिहिलं. तीन रात्री लागल्या. पहिल्या खर्ड्यात रडगाणं होतं, ते फाडलं. शेवटी एक पान उरलं. माझ्या पडद्याचे कोणते फोटो तुमच्याकडे आहेत? ते किती जणांना बघता येतात? किती दिवस ठेवता? ब्रेकमध्ये फोटो का घेता? विसाव्या तारखेचे दुपारी एक ते दोनमधले फोटो पुसून टाका आणि पुसल्याचं लेखी कळवा. वरती तक्रार अधिकाऱ्याचं नाव लिहायचं तर ते वेबसाईटवर सापडेना, म्हणून एचआरला आधी तेच विचारलं. त्यांनाही ते शोधायला दोन दिवस लागले.

उत्तर चार ओळींचं आलं. तुम्ही संमतीपत्रावर सही केली आहे. कंपनीच्या उपकरणावर खासगी काम करणं धोरणाविरुद्ध आहे. दोन्ही खरं होतं. प्रश्नांची उत्तरं नव्हती.

गणपतीच्या तयारीत मखर बांधता बांधता मला दुसरी गोष्ट सुचली. आम्हाला दरवर्षी एक प्रशिक्षण असतं, त्याची परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत १९९६ चा हिपा नावाचा कायदा आहे, रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेचा. त्यात एक तत्त्व आहे, कामाला लागेल तेवढीच, किमान आवश्यक माहिती बघायची. क्लेम पायाच्या शस्त्रक्रियेचा असेल तर त्या बाईच्या बाळंतपणाची पानं उघडायची नाहीत. उघडली तर नोकरी जाते. हे मी चार वर्षं पाठ करत होते. आणि माझ्याच पडद्याचा दर दहा मिनिटांनी फोटो निघत होता. त्या फोटोत काय असायचं? तेच रुग्ण. त्यांची नावं, जन्मतारखा, आजार. ते फोटो सॉफ्टवेअर विकणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जात होते, आणि ज्यांचं त्या क्लेमशी काही काम नाही अशा माणसांना दिसत होते.

हे मी दुसऱ्या पत्रात लिहिलं. शेवटी एवढंच विचारलं, जो नियम तुम्ही मला त्या रुग्णांसाठी शिकवलात, तो माझ्या सासऱ्यांना का लागू नाही?

गणपतीच्या रजेतच फोन आला. या वेळी एचआर नाही, थेट सुरक्षा विभागाच्या प्रमुख बाई. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. एकूण चौदा जणांना फोटो दिसू शकत होते, सहा महिने ठेवले जात होते, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. ब्रेकमध्ये फोटो चालू राहणं ही मूळ सेटिंग होती, ती कुणी बदललीच नव्हती. वीस सप्टेंबरला लेखी उत्तर आलं. त्या तासाचे फोटो पुसले. ऑक्टोबरपासून पडद्याचे फोटो सगळ्यांचेच बंद. ब्रेकमध्ये काहीच नोंदलं जाणार नाही. कॅमेरा फक्त सकाळच्या लॉगिनला. हालचालीचे टक्के मात्र राहिले. चाळीस पानांहून मोठ्या क्लेमसाठी ते धरायचे नाहीत अशी वेगळी यादी टीम लीडने स्वतः मागून घेतली. लाईट नसलेल्या दोन दिवसांपैकी एकाचे पैसे परत आले, दुसऱ्याचे आले नाहीत.

फोटो बंद झाले ते त्या परदेशी रुग्णांमुळे, करारातल्या दंडाच्या भीतीमुळे. बाबांच्या रिपोर्टमुळे नाही. पहिल्या पत्राला चार ओळी आणि दुसऱ्याला फोन, यातला फरक मला अजून टोचतो. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या कायद्याचे नियम आले, मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. भाऊ म्हणतो, तेव्हा पुन्हा एक पत्र लिहू. मी वही जपून ठेवली आहे.

टीम लीडने नंतर एकटं गाठून माफी मागितली. त्याला वाटलं होतं मीच मुद्दाम सांगितलं नसेन, लाजेने. मी त्याला सांगितलं की बाबांना तोपर्यंत माहीत नव्हतं. तो बराच वेळ गप्प राहिला.

बाबांना आम्ही विसर्जनानंतर सांगितलं. त्यांनी डॉक्टरांचं नाव विचारलं आणि यंदा कलमांना खत कोण घालणार ते विचारलं. आता दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं, गाडीने गोव्याला जाऊन येतात. तब्येत धरून आहे.

कॅमेरा बंद झाल्याचं मी त्यांना लॅपटॉपसमोर बसवून दाखवलं. वरच्या भोकावर कागदाची पट्टीही चिकटवली, सकाळचं लॉगिन झालं की लावते. “आता कोण बघत नाही बाबा, सदरा काढा,” म्हटलं. त्यांनी त्या पट्टीवर बोट फिरवून बघितलं.

“असांदे गो,” म्हणाले, आणि वरचं बटण लावून पडवीत जाऊन बसले.